पहाटेची गळती

“सकाळी चावी मारली की डॅशबोर्डच्या मागं गुळगुळ वाजतं का ओ मालक? माठात पाणी वतल्यावानी?”

तामलवाडीच्या मिस्त्रींचा हा पहिला प्रश्न. तोवर त्यांनी बॉनेट उघडलं नव्हतं, गाडीखाली डोकावलं नव्हतं, हातातला चहाचा कपही खाली ठेवला नव्हता. मी “हो, वाजतं” म्हणालो आणि म्हणता म्हणताच चरकलो. दोन महिने मी तो आवाज रोज सकाळी ऐकत होतो. सोलापुरात तीन ठिकाणी गाडी दाखवली, तिन्ही ठिकाणी तक्रार नीट सांगितली, पण हा आवाज काही सांगितला नव्हता. तो तक्रारीचाच भाग आहे हे मला उमगलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

दुरुस्ती बघत बसण्याची मला जुनी आवड आहे. घड्याळ असो, शिलाई मशीन असो, विहिरीवरची मोटर असो; कसलेला हात चालू असला की माझा पाय तिथून निघत नाही. गाण्यात जशा जागा असतात तशा कारागिरीतही असतात, आणि त्या ऐन वेळी ओळखता आल्या तर फार आनंद देतात. गेल्या पौषात तामलवाडीला पाहिलेल्या कामात अशा जागा इतक्या दाट होत्या की अजून त्या मनातून जात नाहीत. म्हणून हे लिहितोय.

आधी दुखणं सांगतो. आमची व्हॅन जुनी आहे, डिझेलवर चालणारी, आखूड नाकाची, आणि मुळातच हीटर असलेली. दिवाळीनंतर कूलंटच्या बाटलीतली पातळी आठवड्याला बोटभर उतरू लागली. ड्रायव्हरशेजारच्या पायाखालची चटई ओली लागायची. गाडीचं दार उघडलं की गूळ करपल्यासारखा एक गोडूस वास यायचा. इंजिनाखाली मात्र जमिनीवर एक थेंब नाही. काटा कधीतरी नेहमीपेक्षा जरा वर चढायचा, तेवढंच.

तिन्ही गॅरेजांचा निकाल एकच होता: हीटरची जाळी फुटली. जाळी म्हणजे डॅशबोर्डच्या आत, एका डब्यात बसवलेला वहीएवढा छोटा रेडिएटर. इंजिनाचं गरम पाणी एका पाइपनं त्यात येतं, दुसऱ्या पाइपनं परत जातं. पंखा त्यावरून हवा फेकतो आणि ती गरम हवा आपल्या पायांवर आणि काचेवर येते. ही जाळी काढायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. दोन दिवसांचं काम, आणि जुन्या प्लास्टिकचे कान तुटतात ते वेगळेच. त्यामुळे तिघांनीही दुसरा उपाय सुचवला: बायपास. हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप इंजिनाजवळच एकमेकांना जोडून टाकायचे, जाळी कोरडी ठाक पडू द्यायची, संपलं. “आपल्याकडं हीटर काय करायचाय?” हे वाक्यही तिन्ही ठिकाणी ऐकलं.

त्यांना मी नावं ठेवणार नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात ज्यानं गाडी चालवली आहे त्याला हा प्रश्न पटतोच. ओली चटई, गोड वास, उतरणारी पातळी ही तिन्ही लक्षणं जाळी फुटल्याचीच म्हणून सांगितली जातात. पण पौषात शाकंभरी नवरात्र असतं, आणि आमच्या घरातली माणसं तुळजापूरला चरणतीर्थाला पोचायची म्हणून भर रात्री निघतात. थंडीत आत्याचे गुडघे धरतात. तिच्या पायांवर येणारी ती गरम हवा मला बंद करायची नव्हती. शिवाय पावसाळ्यात समोरच्या काचेवर आतून धुकं चढतं तेव्हा हीटरसारखं दुसरं काही उपयोगी पडत नाही. म्हणून एका ट्रकवाल्यानं सांगितल्यावरून मी गाडी घेऊन तामलवाडीला गेलो.

सोलापूरहून तुळजापूरच्या वाटेवर जिल्ह्याची हद्द ओलांडली की तामलवाडी येते. पूर्वी हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग २११ होता, आता ५२ झाला. चौपदरी झाल्यापासून टोलनाक्यामुळे गावाचं नाव लांबलांबच्या ड्रायव्हरांना पाठ झालंय. कोजागरीच्या पौर्णिमेला याच रस्त्यानं सोलापूरकडून आणि कर्नाटकातून माणसांचा लोंढा पायी तुळजापूरला चालत जातो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, तुळजापूर त्याहून सुमारे दोनशे मीटर उंच, बालाघाटाच्या कडेवर. त्यामुळे पुढचा घाट म्हणजे दुबळ्या रेडिएटरची परीक्षाच. या वाटेवरच्या मिस्त्रीला तापलेल्या गाड्यांची सवय असते, ती अशी.

आमचे मिस्त्री साठीच्या पुढचे. हात मॅटाडोरवर बसलेला, असं त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज जरा उंचावला. ते साहजिक आहे. १९६९पासून आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्यात तयार होऊ लागलेल्या त्या गाडीनं महाराष्ट्राला एक शब्दच दिला. वऱ्हाड नेणारी, भाजी नेणारी, कुठल्याही कंपनीची बंद गाडी असली तरी लोक तिला मॅटाडोर म्हणत. “मॅटाडोरला हीटर कशाला लागतोय? इंजिन मांडीला लागूनच की,” मिस्त्री म्हणाले. खरं आहे. ड्रायव्हरच्या बाजूलाच कव्हराखाली इंजिन, थंडीत ऊब आपोआप. पण त्या शेजारामुळेच तिथं शिकलेल्या माणसाचा कान तयार होतो. इंजिन तुमच्या कुशीत असतं. त्याचा प्रत्येक आवाज आणि त्याची वेळ अंगात भिनते. पहिला प्रश्न आवाजाचा आणि सकाळचा का, हे मला त्यावरून कळलं.

दुसरा प्रश्न त्याला जोडूनच आला. “दिवाळीनंतरच सुरू झालं न्हवं?”

मी पुन्हा हो म्हणालो. आता या दोन प्रश्नांकडे नीट बघा. गाडीत काय बिघडलं, कुठं बिघडलं, यातलं त्यांनी काहीच विचारलेलं नाही. दोन्ही प्रश्न ‘केव्हा’चे आहेत. दिवसातली कुठली वेळ आणि वर्षातला कुठला महिना. गुळगुळ आवाज म्हणजे जाळीत हवा शिरलेली आहे. हवा शिरते ती रात्री, इंजिन निवताना. गरम पाणी आकसतं, आत पोकळी होते. सगळं धड असेल तर रेडिएटरच्या झाकणातला छोटा पडदा उघडतो आणि बाटलीतलं कूलंट परत आत ओढलं जातं. पण कुठं सांधा ढिला असेल तर कूलंटाऐवजी त्या फटीतून हवा आत येते. म्हणजे जिथून पाणी बाहेर जातं तिथूनच रात्री हवा आत येत होती, आणि सकाळी ती स्वतःच ओरडून सांगत होती. तीन गॅरेजांत मी दुपारी गेलो होतो, इंजिन तापलेलं घेऊन. तेव्हा ती गप्प असायची.

मग त्यांनी कप ठेवला आणि काचेकडे गेले. समोरची काच आतून, खालच्या कडेला, जिथं हीटरची हवा येते तिथं बोट फिरवलं आणि बोट अंगठ्यावर घासून पाहिलं. “ह्ये बघा, कोरडं. जाळी फुटली असती तर काचेवर चिकट धूर बसला असता.” ही पहिली खरी जागा. कूलंट म्हणजे नुसतं पाणी नव्हे, त्यात एथिलीन ग्लायकॉल असतं, आणि ते वाळत नाही. बोटांत बुळबुळीत राहतं. जाळीतून गळलं तर पंखा त्याची वाफ थेट काचेवर मारतो आणि काचेवर पुसून न जाणारा तेलकट थर बसतो. आमची चटई ओली होती, काच स्वच्छ होती. म्हणजे गळणारी जागा पंख्याच्या हवेच्या वाटेवर नाही. म्हणजे जाळी नाही. एका बोटाच्या फटक्यात डॅशबोर्ड वाचला. जे आहे त्यावरून निदान पुष्कळ जण करतात. जे असायला हवं होतं आणि नाही, त्याची दखल घेणं अवघड, कारण ते डोळ्यांपुढं नसतंच.

त्यांनी चटईचं पाणीही बोटावर घेतलं. बुळबुळीत, हिरवट. एसीचं पाणी किंवा पावसाचं असतं तर चोळताच उडून गेलं असतं. चव मात्र घेतली नाही. गोड असलं तरी ग्लायकॉल विषारी असतं. जुने मिस्त्री जिभेला लावून बघत, ते चूकच होतं. त्यांच्या शेडमध्ये एक कुत्रं झोपलेलं असतं. पुढं कूलंट काढलं तेव्हा त्यांनी ते पत्र्याच्या डब्यात धरलं, वर फरशीचा तुकडा ठेवला, आणि डबा उंच फळीवर नेला. कुत्र्याला त्या गोडीची भूल पडते आणि थोडंसंही त्याच्या जिवावर बेततं. हे करताना ते काही बोलले नाहीत. त्यांच्या हेल्परनं मला सांगितलं.

संध्याकाळ झाली होती. गाडी नुकतीच धावून आलेली. झाकण उघडायला त्यांनी दीड तास थांबवलं. याबाबत ते फार कडक आहेत आणि असलंच पाहिजे. झाकणावर ०.९ असा आकडा असतो. तो दाबाचा, सुमारे १३ पौंड. या दाबाखाली कूलंट १२० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब क्षणात जातो आणि तेच पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. रस्त्याकडेला थांबून घाईनं झाकण उघडणारे आणि हात-तोंड भाजून घेणारे लोक या घाटाच्या पायथ्याशी त्यांनी किती पाहिले असतील कोण जाणे.

दीड तासानं त्यांनी एक वस्तू बाहेर काढली. जुनं रेडिएटरचं झाकण, मधोमध भोक पाडून त्यात ट्यूबचा व्हॉल बसवलेला. ते गाडीवर चढवलं, व्हॉलला काटा असलेला पायपंप लावला आणि हळूहळू दाब दिला. काटा १३ला आला. त्यापुढं एक टिचकीही नाही. जुन्या जाळीला जास्त दाब दिला तर नसलेली गळती तयार होते. पंधरा मिनिटं आम्ही काट्याकडे बघत बसलो. काटा हलला नाही.

इथं मला एक उणं सांगितलं पाहिजे. त्या पंपाचा काटा कितपत खरा होता, याची मला शंका आहे. टायरसाठीचा काटा १३ पौंडांसारख्या कमी दाबाला फार बारीक नसतो. एवढ्या नजरेच्या माणसाच्या हाती एक चांगलं टेस्टर असायला हवं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

काटा हलला नाही तेव्हा माझा चेहरा पडला असणार. मिस्त्री मात्र खूश दिसले. “आत्ता तिचं तोंड मिटलंय. अजून ऊब हाय. पहाटं बगू की.”

त्या रात्री त्यांनी केलेली तयारी मी कधी विसरणार नाही. इंजिनावरचा पाण्याचा प्रत्येक सांधा त्यांनी चिंधीनं कोरडा पुसला: रेडिएटरचे वरचे-खालचे पाइप, वॉटर बॉडी, थर्मोस्टॅटचं झाकण, हीटरचे दोन्ही पाइप. मग हेल्परला पंक्चरच्या दुकानातून शंखजिऱ्याची पूड आणायला लावली, तीच जी ट्यूबला लावतात. एका जुन्या ब्रशनं ती पूड प्रत्येक सांध्यावर भुरभुरवली. सगळं इंजिन जत्रेतून आल्यासारखं पांढरं झालं. आत केबिनमध्ये चटई उचलली आणि पत्र्यावर वर्तमानपत्राचे दोन तुकडे ठेवले: एक हीटरच्या डब्याच्या बरोबर खाली, दुसरा, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून पाइप जिथं आत येतात तिथं. दोन तुकड्यांमध्ये वीतभर अंतर. जाळी गळत असेल तर पहिला कागद आधी भिजणार, पाइप गळत असेल तर दुसरा. त्या वीतभर अंतरावर दोन दिवसांची मजुरी आणि एक डॅशबोर्ड टांगलेला होता.

कोरड्या पुडीवर ओल उमटवून फट शोधायची रीत जुनी आहे. रेल्वेच्या कारखान्यांत आसांना गेलेले बारीक तडे असेच शोधत: आस तेलात बुडवायचा, पुसायचा, वर खडूचा पांढरा हात मारायचा, तड्यात लपलेलं तेल पांढऱ्यावर काळी रेघ होऊन बाहेर येतं. मिस्त्रींना ही रीत कुणी शिकवली ते मी विचारलं नाही. ट्यूब आणि पंक्चरच्या धंद्याशेजारी आयुष्य गेलेल्या माणसाला ती आपसूक सुचली असेल.

मी सोलापूरला परतलो आणि पहाटेच्या एसटीनं पुन्हा तामलवाडीला उतरलो. पौषातली पहाट, रानातून गार वारं, टोलनाक्याचे दिवे धुक्यात पिवळट. मिस्त्री कानाला मफलर गुंडाळून शेडमध्ये उभे होते. माझी वाट बघत त्यांनी बॉनेटला हात लावला नव्हता. ते त्यांनी माझ्यासमोर उघडलं.

सगळे सांधे पांढरेच. फक्त हीटरच्या वरच्या पाइपावर, जिथं तो पत्र्यातून आत जातो तिथं, क्लिपच्या मागं, पूड करडी पडून चिखलासारखी झाली होती. नखाएवढी जागा. मग त्यांनी पंप लावला, दाब १३वर नेला, आणि या वेळी काटा घसरू लागला. घाईनं नाही, घड्याळाच्या तास-काट्यासारखा, बघताना हलत नाही पण पुन्हा पाहिलं की खाली. टॉर्चच्या उजेडात क्लिपखालून एक हिरवा मणी तयार झाला, फुगला, आणि जमिनीवर न पडता पाइपाच्या पोटावरून सरकत आत केबिनकडे गेला. पाइपाचा उतार तिकडंच होता. मी धावत आतला कागद पाहिला. पाइपाखालचा तुकडा भिजला होता. डब्याखालचा कोरडा.

तो थेंब मी मणभर सोन्याच्या मोलानं पाहिला. गळती इंजिनाच्या बाजूला, ओल केबिनच्या बाजूला, आणि दोन्हींमध्ये पत्रा. जमिनीवर कधी काही का सांडत नव्हतं, ते आता समजलं.

मग त्यांनी गाडी सुरू केली. गुळगुळ आवाज झाला. दहाएक मिनिटं मणी येत राहिले, एकामागून एक, मग त्यांची चाल मंदावली. पाइप हाताला गरम लागू लागला आणि गळती थांबली. माझ्यासमोर, कुणी काही न करता, थांबली. दिवसातली फक्त ही दहा-पंधरा मिनिटं ती गाडी गळत होती: आत दाब चढू लागलेला असतो आणि सांधा अजून गार असतो तेवढीच. सोलापूरच्या गॅरेजांनी जे पाहिलं नाही ते त्यांच्या दुकानाच्या वेळेत घडतच नव्हतं.

याचं कारण रबरात आहे. ऊब मिळाली की रबर पोलादाच्या दहा पटींहून जास्त फुगतं, आणि गारठ्यात तेवढंच जास्त आकसतं. नवं रबर लवचीक असतं, आकसलं तरी दाबाखाली परत पसरून फट भरतं. पण वर्षानुवर्षं उष्णतेत आवळून ठेवलेलं रबर बसतं, त्याचा जीव जातो. मग गारठ्यात ते जिथल्या तिथं राहतं आणि फट उघडी पडते. २८ जानेवारी १९८६ला अमेरिकेचं चॅलेंजर यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत फुटलं, सात अंतराळवीर गेले. त्याच्या मुळाशी गारठ्यानं ताठरलेली रबराची कडी होती. चौकशीच्या सुनावणीत रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञानं तसल्याच रबराचा तुकडा क्लॅम्पमध्ये आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला, बाहेर काढून क्लॅम्प सोडला, आणि रबर लगेच पूर्ववत होत नाही हे सगळ्यांना दाखवलं. तिथं गारठा गोठणबिंदूच्या जवळचा होता, आपल्याकडची थंडी तिच्यापुढं काहीच नाही. पण आमचं रबर इतकं थकलेलं होतं की त्याला तामलवाडीची पहाट पुरली.

दिवाळीचा प्रश्नही इथंच सुटला. गेल्या उन्हाळ्यात एका ठिकाणी पाइपाची मूळची स्प्रिंगची क्लिप काढून पेच आवळायची क्लिप लावली होती, आणि ती इतकी आवळली होती की तिची दातेरी पट्टी रबरात रुतली. पेचाची क्लिप जितकी आवळाल तितकीच राहते. रबर आकसलं की ती त्याच्या मागं जात नाही. स्प्रिंगची क्लिप जाते. रबर बारीक झालं की तीही मिटते, फुगलं की उघडते. उन्हाळाभर सगळं ठीक, आणि कार्तिकात थंडी पडली तशी फट उघडली. “पेचाची क्लिप मजबूत दिसती मालक, पर तिला ऋतू कळत न्हाई,” मिस्त्री म्हणाले.

प्रत्यक्ष दुरुस्ती तासाभराची होती, पण तिच्यातल्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पाइप आतल्या पितळी नळीला घट्ट चिकटला होता. कुणीही असता तर पक्कडीत धरून पिळला असता. ती नळी जाळीला डाखानं जोडलेली असते. पाइप पिळला की पिळा आत डाखाला बसतो, तो तडकतो, आणि मग जाळी खरोखरच गळू लागते. मिस्त्रींनी पाइपाला हातही लावला नाही. ब्लेडनं त्याच्या अंगावर उभी चीर पाडली, शेंग सोलावी तसा तो उलगडला आणि बाजूला ठेवला. पाइप तर बदलायचाच होता. मग त्याला वाचवण्यात नळीचा जीव कशाला घालवायचा?

उघड्या पडलेल्या नळीवर पांढरी, खरबरीत खपली होती. आमच्या भागातलं बोअरचं पाणी जड. कधीतरी कुणी डिस्टिल्डऐवजी तेच ओतलं असणार. काचकागद घेऊन ते ती खपली घासू लागले, आणि हेल्परनं मदतीला हात घालून नळीच्या लांबीत, उभं घासायला सुरुवात केली तसा त्यांनी त्याचा हात धरला. “आडवं. बांगडी फिरवल्यावानी.” काचकागदाचा प्रत्येक ओरखडा म्हणजे एक बारीक पाट असतो. नळीच्या लांबीत गेला तर तो आतलं पाणी थेट बाहेर आणून सोडतो. नळीभोवती गोल गेला तर पाणी त्यात फिरत राहतं, बाहेर पडत नाही. नुसत्या घासण्याच्या दिशेत एवढं ज्ञान असतं. त्या पोरानं पुढं सगळी नळी बांगडी फिरवल्यासारखीच घासली, आणि मिस्त्री ते बघत उभे राहिले.

मग पाच सुती नवा पाइप, फूटभर तोडून. आत सरकवायला ग्रीस लावलं नाही, तेलानं रबर सडतं. कूलंटानंच नळी ओली केली. जुन्या क्लिपांच्या डब्यातून एक स्प्रिंगची क्लिप शोधली, तीन दाबून बघितल्यावर चौथी पसंत पडली. ती नळीच्या उंचवट्यावर न चढवता त्याच्या मागच्या खोबणीत बसवली. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं.

हवा काढायला त्यांनी गाडी शेडबाहेरच्या मातीच्या चढावर नाक वर करून लावली. रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच हवं, म्हणजे हवा वर येते. हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, इंजिन मंद चालू. आणि हीटरचे दोन्ही पाइप एकेका हातात घेऊन ते गायीच्या सडासारखे दाबत-सोडत राहिले. रेडिएटरच्या तोंडाशी आधी मोठे बुडबुडे, मग दाणे, मग फक्त एक थरथर. शेवटी त्यांनी दोन्ही पाइप एकदम मुठीत धरले. दोन्ही सारखेच गरम: येतं ते पाणी जातंय. डॅशबोर्डमागचा आवाज बंद झाला होता. त्या शांततेकडे कान लावून ते जरा वेळ उभे राहिले.

मी पैसे काढले. त्यांनी पाइप, क्लिप आणि कूलंटाचेच घेतले.

“मजुरी उद्याच्याला. आत्ता दुपारी गळत न्हाई, ह्याला काय अर्थ हाय? काल दुपारी बी गळत नव्हतीच की.”

पुन्हा सगळे सांधे पुसले गेले, पुन्हा शंखजिरं भुरभुरलं, गाडी पुन्हा रात्रभर शेडबाहेर थंडीत राहिली. मी पुन्हा पहाटेच्या एसटीनं आलो. या वेळी आत्याही सोबत होती, कारण तिला तिथून पुढं तुळजापूरला जायचं होतं. आदल्या दिवसापेक्षा गारठा जास्त होता. बॉनेट उघडलं तेव्हा टॉर्च आधी हीटरच्या वरच्या पाइपावर गेला. क्लिपच्या मागं पूड तशीच होती, कोरडी, पिठासारखी, ब्रशच्या केसांच्या रेघाही तिच्यात शाबूत. मिस्त्रींनी पंप लावला, काटा १३ला नेऊन ठेवला, आणि आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो. अर्धा तास झाला तरी काटा तिथंच होता. मग त्यांनी बोटानं ती पूड पुसली, बोट अंगठ्यावर चोळलं, आणि आत्याला म्हणाले, “बसा आई. घाटात चढ लागला की हीटर चालू ठेवा, इंजिनाला बी बरं पडतंय.”

तामलवाडी सोडून चढ लागला तेव्हा अजून उजाडलं नव्हतं. आत्यानं शाल गुडघ्यांवरून काढून मांडीवर घडी करून ठेवली.